फाइल कॉपी होत नाही, नावही बदलत नाही: परवानगीच्या एररचा माग कसा काढायचा

प्रोग्रॅम सगळं काम नीट करतो आणि अगदी शेवटी, तयार झालेल्या तात्पुरत्या फाइलला खरं नाव द्यायच्या वेळी, 'परमिशन डिनाइड' म्हणून अडून बसतो. मग पहिली धाव त्या फाइलकडे. तिच्या परवानग्या बघायच्या, त्या ठीकच दिसतात, तरी वैतागून ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा) ठोकून द्यायचं. एरर जागच्या जागी.

ती हटत नाही, कारण चौकशी भलत्याच ठिकाणी चाललेली असते. लिनक्स, मॅक आणि त्या कुळातल्या सिस्टिमवर फाइलचं नाव फाइलच्या आत नसतंच. ती तिच्या फोल्डरमधली एक नोंद असते. नाव बदलणं, फाइल हलवणं, उडवणं ही सगळी त्या फोल्डरमधली खाडाखोड, म्हणून परवानगी लागते फोल्डरची. कॉपीचं गणित वेगळं आहे आणि विंडोजचं आणखी वेगळं. म्हणून एरर आली की तीन गोष्टी शोधायच्या: मागणारा कोण, त्याने नेमकं काय मागितलं आणि नकार कुठल्या वस्तूवर मिळाला. हे तिन्ही कळले की दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते.

एक सूचना: आदेशांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टंकायची.

## एरर आकड्यासकट वाचा

खिडकीत दिसणारा संदेश बऱ्याचदा प्रोग्रॅमने स्वतः रचलेला असतो आणि त्यात खरं कारण गाळलेलं असतं. लॉग उघडा आणि सिस्टिमने दिलेला क्रमांक शोधा. लिनक्सवर हे क्रमांक ओळखीचे हवेत:

- १३, 'परमिशन डिनाइड': फाइल किंवा फोल्डरवरची साधी परवानगी कमी पडली. एसई-लिनक्स या जादा सुरक्षा-थराचा नकारही बहुधा याच नावाने येतो.
- १, 'ऑपरेशन नॉट परमिटेड': परवानगीचे बिट (कुणाला वाचता, लिहिता, चालवता येईल ते सांगणाऱ्या खुणा) ठीक असले तरी ही क्रियाच तुम्हाला करता येणार नाही. स्टिकी बिट, न बदलण्याची खूण (दोन्ही पुढे येतील) किंवा मालक बदलायचा प्रयत्न ही नेहमीची कारणं.
- १८, 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक': परवानगीचा संबंधच नाही. दोन वेगळ्या फाइलसिस्टिममध्ये (ढोबळपणे, दोन वेगळ्या डिस्क किंवा पार्टिशनमध्ये) रीनेम करायला गेलात.
- ३०, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम': डिस्कच लिहिण्यासाठी बंद आहे, किंवा तुमच्या प्रोग्रॅमला ती तशी दाखवली जाते आहे.

विंडोजवर ५ म्हणजे 'ॲक्सेस इज डिनाइड', ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात, १७ म्हणजे वेगळी डिस्क. ५ आणि ३२ मधला फरक लक्षात ठेवलात तर अर्धा वेळ वाचतो, कारण ३२ असताना परवानग्या कितीही बदला, काडीचा उपयोग नाही.

लॉगमध्ये काहीच नसेल तर लिनक्सवर प्रोग्रॅम 'एसट्रेस' खाली चालवा. कुठल्या कॉलला कुठल्या पाथवर कुठला क्रमांक मिळाला, ते एका ओळीत दिसतं. विंडोजवर हेच काम मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला 'प्रोसेस मॉनिटर' करतो. त्यात निकालाच्या रकान्यावर 'ॲक्सेस डिनाइड' आणि 'शेअरिंग व्हायोलेशन' असे फिल्टर लावा. लावले नाहीत तर पडद्यावर ओळींचा पूर येतो.

## मागणारा कोण?

तुम्ही टर्मिनलमध्ये हाताने केलंत तर होतं आणि प्रोग्रॅमने केलं तर होत नाही, अशी तक्रार असेल तर उत्तर जवळपास नेहमी इथेच सापडतं. वेब सर्व्हर, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम), बॅकअपची सर्व्हिस, कंटेनर (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्रॅम) हे सगळे अनेकदा वेगळ्या यूजरच्या नावाने चालतात. 'पीएस' ने चालू प्रोसेसचा यूजर बघा आणि मग त्याच यूजरच्या नावाने तीच क्रिया हाताने करून बघा: 'सूडो -यू', यूजरचं नाव आणि पुढे 'एमव्ही' (हलवणं) किंवा 'सीपी' (कॉपी). स्वतःच्या लॉगिनमधून केलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.

ग्रुपमध्ये नाव घातलं तरी एरर जात नाही, हाही नेहमीचा घोळ. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला नवा ग्रुप मिळत नाही. लॉगआउट करून परत आत या, सर्व्हिस असेल तर ती रीस्टार्ट करा. 'आयडी' हा आदेश खरी परिस्थिती सांगतो.

कंटेनरमध्ये नावाला अर्थ नसतो, आकड्याला असतो. आतला यूजर १००० आणि बाहेर त्या फोल्डरचा मालक १००१ असेल, तर दोन्हीकडे नाव एकच दिसलं तरी नकार मिळू शकतो. 'एलएस -एलएन' मालकाचे आकडे दाखवतं.

विंडोजवर सर्व्हिसला किंवा 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडलेल्या प्रोग्रॅमला तुमच्या लॉगिनने जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह सहसा दिसत नाही. ड्राइव्हचं अक्षर त्या लॉगिनपुरतंच असतं. तिथे अक्षराऐवजी शेअरचा पूर्ण पाथ द्या.

## लिनक्स: कुठल्या कामाला काय लागतं

कॉपीसाठी मूळ फाइलवर वाचण्याची परवानगी हवी आणि पाथमधल्या प्रत्येक फोल्डरवर आत शिरण्याची, म्हणजे 'एक्स'. जिथे कॉपी जाणार त्या फोल्डरवर 'डब्ल्यू' (लिहिण्याची परवानगी) आणि 'एक्स' दोन्ही हवेत. पण त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल, तर फोल्डरच्या 'डब्ल्यू'ला कोणी विचारत नाही. त्या जुन्या फाइलवर लिहिण्याची परवानगी हवी, कारण कॉपी तिच्यातच मजकूर ओतते.

रीनेमसाठी दोन्ही फोल्डरवर, जुन्या आणि नव्या, 'डब्ल्यू' आणि 'एक्स' हवेत. फाइल स्वतः कुणाची आहे, तिच्यावर काय बिट आहेत, याला सहसा महत्त्व नाही.

यातून एक गंमत निघते. 'अहवाल' नावाची फाइल ४४४ आहे, म्हणजे सगळ्यांना फक्त वाचता येते, आणि फोल्डर तुमचं आहे. तिच्यावर 'सीपी' ने नवी आवृत्ती टाकायला जा, १३ नंबरची एरर. तीच नवी आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये 'अहवाल.नवा' म्हणून ठेवा आणि 'एमव्ही -एफ' ने जुन्या नावावर आणा, बिनबोभाट होतं. जुन्या फाइलला कुणी हातच लावला नाही. फोल्डरमधली नोंद तेवढी नव्या फाइलकडे वळली. फाइल 'फक्त वाचण्यासाठी' करून ती सुरक्षित झाली असं समजणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून बघावा.

दोन अपवाद लक्षात ठेवायचे. फोल्डरवर स्टिकी बिट असेल (सगळ्यांसाठीच्या तात्पुरत्या फोल्डरवर तो असतो, १७७७), तर तिथली फाइल हलवणं किंवा उडवणं फक्त फाइलच्या मालकाला, फोल्डरच्या मालकाला किंवा रूटला (सिस्टिमच्या सर्वाधिकारी यूजरला) जमतं. आणि एखादं फोल्डरच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं असेल, तर त्या फोल्डरवरही 'डब्ल्यू' हवा, कारण त्याच्या आतली वरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद बदलावी लागते. जागच्या जागी नाव बदलतं पण दुसरीकडे हलत नाही, असं दिसलं तर कारण हे.

पाथमधला कुठला टप्पा अडवतोय हे शोधायला 'नेमआय -एल' वापरा. मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक आणि बिट तो एकाखाली एक मांडतो. सात पातळ्या खोल असलेल्या फाइलसाठी सात वेळा 'एलएस' करत बसण्यात अर्थ नाही, आणि दोषी बहुधा मधलंच एखादं ७०० (फक्त मालकाला मुभा) असलेलं फोल्डर निघतं, खूपदा कुणाचं तरी होम फोल्डर.

## बिट ठीक आहेत, तरी नकार

आता परवानगीच्या वरचे थर. 'एलएस -एल' च्या ओळीत बिटच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर तिथे एसीएल, म्हणजे यूजरवार परवानग्यांची जादा यादी, आहे. 'गेटफॅकल' ने तो वाचा आणि त्यातली 'मास्क' ही ओळ बघा. एखाद्याला पूर्ण परवानगी लिहिलेली असते, पण मास्क तिला खाली ओढतो. एसीएल असताना 'सीएचमॉड' ने ग्रुपचे बिट बदलले की खरं तर हा मास्कच बदलतो, त्यामुळे कुणीतरी सहज केलेली दुरुस्ती दुसऱ्याची परवानगी काढून घेते.

क्रमांक १ आला आणि तुम्ही रूट असूनही आला, तर 'एलएसॲटर' चालवा. तिथे 'आय' अक्षर दिसलं की फाइलवर न बदलण्याची खूण आहे. 'सीएचॲटर -आय' ने ती निघते. पण काढण्याआधी ती कुणी आणि का लावली, ते विचारा. ही खूण आपोआप लागत नाही.

एसई-लिनक्स असलेल्या सर्व्हरवर हलवणं आणि कॉपी करणं यातला फरक फार जाणवतो. 'एमव्ही' ने हलवलेली फाइल आपलं जुनं लेबल (एसई-लिनक्स ज्यावरून परवानगी ठरवतो ते) सोबत घेऊन जाते, 'सीपी' ने केलेल्या नव्या फाइलला नव्या जागेचं लेबल मिळतं. होम फोल्डरमध्ये तयार केलेलं पान वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवलं, बिट ६४४ आहेत (म्हणजे सगळ्यांना वाचता येतं), मालकही बरोबर, तरी सर्व्हर ते वाचू शकत नाही. 'एलएस -झेड' (झेड मोठा) ने लेबल बघा, 'रीस्टोअरकॉन -आर' ने दुरुस्त करा. एसई-लिनक्सच बंद करून टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका, एका फाइलच्या लेबलसाठी अख्ख्या सर्व्हरचं संरक्षण काढायचं कारण नाही.

क्रमांक ३० चे दोन अर्थ निघतात. डिस्कवर बिघाड आढळल्यामुळे कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) ती फक्त वाचण्यापुरती ठेवली असेल, तर 'डीएमईएसजी' मध्ये तसं लिहिलेलं असतं. तेव्हा परवानग्यांचा नाद सोडा आणि आधी बॅकअप घ्या. पण बाकी सगळ्यांना लिहिता येतंय आणि एकाच सर्व्हिसला ही एरर येते, असं असेल तर सिस्टिमडीच्या (सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेच्या) युनिट फाइलमध्ये 'प्रोटेक्टसिस्टिम' किंवा 'प्रोटेक्टहोम' लावलेलं आहे का बघा. लागेल तेवढाच फोल्डर 'रीडराइटपाथ्स' मध्ये घाला.

पेन ड्राइव्हवरच्या फॅट किंवा एक्सफॅटमध्ये मालक आणि बिट साठवायला जागाच नसते. तिथे 'सीपी -पी' किंवा 'आरसिंक -ए' केलं की मजकूर नीट जातो, पण मालक लावताना एररची रांग लागते. 'आरसिंक' ला परवानगी, मालक आणि ग्रुप नेऊ नको असं सांगणारे पर्याय द्या, तेवढंच. नेटवर्कवरच्या एनएफएस फोल्डरमध्ये रूटलाच नकार मिळत असेल, तर सर्व्हरवर 'रूट स्क्वॉश' (दुसऱ्या यंत्रावरच्या रूटला साधा यूजर मानणं) चालू आहे. तो मुद्दामच असतो.

## दोन डिस्कच्या मध्ये

रीनेम एकाच फाइलसिस्टिमच्या आत होतं. बाहेर जायचं तर 'एमव्ही' गुपचूप कॉपी करून मूळ फाइल उडवतो. प्रोग्रॅमिंग भाषांतला रीनेम मात्र बहुतेक ठिकाणी तसं करत नाही, सरळ १८ देतो. तात्पुरती फाइल सिस्टिमच्या टेम्प फोल्डरमध्ये बनवून मग खऱ्या जागी आणणारे प्रोग्रॅम म्हणूनच डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालतात आणि सर्व्हरवर पडतात. तिथे टेम्प अनेकदा वेगळ्या फाइलसिस्टिमवर असतं. लिनक्समध्ये दोन माउंट (डिस्क जोडलेल्या जागा) एकाच डिस्कचे असले तरी त्यांच्या मधून रीनेम होत नाही, हे कंटेनरवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

पायथनचा 'शुटिल.मूव्ह' जास्त समजूतदार वाटतो, पण त्याची एक खोड आहे. रीनेम कुठल्याही कारणाने फसलं की तो कॉपीकडे वळतो. समजा मूळ फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नव्हती म्हणून रीनेम फसलं. आता कॉपी यशस्वी होते, मग मूळ फाइल उडवताना परवानगीची एरर येते आणि फाइल दोन्ही ठिकाणी राहते. पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्रॅम असेल तर तीच फाइल दर फेरीला पुन्हा कॉपी होत राहते. मागे उरलेली प्रत दिसली की मूळ फोल्डरची परवानगी तपासा.

## विंडोज

इथे आधी ताबा, मग परवानगी. एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडताना 'दुसऱ्यांना उडवू द्यायला हरकत नाही' असं सांगितलं नसेल, तर ती बंद होईपर्यंत तिचं नाव बदलत नाही. लिनक्सवर उघड्या फाइलचं नाव बिनदिक्कत बदलता येतं, म्हणून तिकडून आलेला प्रोग्रॅम विंडोजवर अडखळतो. फाइल कुणी धरली आहे हे 'रिसोर्स मॉनिटर' मध्ये सीपीयूच्या टॅबवर 'असोसिएटेड हँडल्स' च्या चौकटीत नाव टाकून शोधा. पॉवरटॉइज असेल तर त्यातलं 'फाइल लॉकस्मिथ' राइट-क्लिकवरच उत्तर देतं.

ताबेदार अनेकदा अँटिव्हायरस, शोधाचा इंडेक्सर किंवा क्लाउडवर सिंक करणारा प्रोग्रॅम असतो. नुकतीच तयार झालेली फाइल ते क्षणभर उघडतात आणि नेमका त्याच क्षणी तुमचा रीनेम येतो. एरर कधी येते, कधी येत नाही, दुसऱ्यांदा केलं की होतं, ही त्याची खूण. आणखी एक फसवा प्रकार: फाइल उडवली, पण कुणाकडे तरी ती अजून उघडी आहे. ती कधीकधी यादीत दिसत राहते, पण उघडायला गेलात की ५ नंबर मिळतो. इथे एसीएल बदलून काही होत नाही, धरणाऱ्याने सोडलं की फाइल नाहीशी होते.

खरोखर परवानगीचाच प्रश्न असेल तर 'आयकॅकल्स' ने यादी काढा, किंवा प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड आणि तिथून 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' मध्ये त्या यूजरचं नाव घालून बघा. रीनेमला फाइलवर 'डिलीट' चा हक्क लागतो, किंवा तिच्या फोल्डरवर आतल्या गोष्टी उडवण्याचा, आणि शिवाय नव्या जागी फाइल तयार करण्याचा. नुसतं 'राइट' दिलेल्या यूजरला मजकूर बदलता येतो पण नाव बदलता येत नाही, ते यामुळे. 'मॉडिफाय' दिलं की काम भागतं, 'फुल कंट्रोल' ची गरज नसते. शेअर केलेल्या फोल्डरवर शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची (विंडोजच्या फाइलसिस्टिमची) परवानगी यांतली जी कडक तीच चालते, दोन्ही बघा.

एकाच व्हॉल्यूममध्ये हलवलेली फाइल सहसा जुन्याच परवानग्या घेऊन येते, कॉपी मात्र नव्या फोल्डरच्या घेते. सगळ्यांसाठीच्या फोल्डरमध्ये टाकलेली फाइल सहकाऱ्यांना उघडत नसेल, तर त्या फाइलवर 'आयकॅकल्स' चा 'रीसेट' चालवा, म्हणजे फोल्डरच्या परवानग्या तिला लागू होतील.

वरचं सगळं ठीक असूनही डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपवरच नकार येतो आणि तोही एकाच प्रोग्रॅमला? मग विंडोज सिक्युरिटीमधला 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद ११२३ क्रमांकाने पडते. प्रोग्रॅम भरवशाचा असेल तर त्याला यादीत घाला. जुनी फाइल 'रीड-ओन्ली' असेल तर तिच्यावर कॉपी करतानाही ५ नंबर येतो. ती खूण काढणं सोपं, पण आधी सुचत नाही.

'रोबोकॉपी' वापरणाऱ्यांसाठी: त्याचा मूळ हिशोब प्रत्येक अडलेल्या फाइलमागे १० लाख प्रयत्न आणि दर प्रयत्नाआधी ३० सेकंद थांबणं असा आहे. एक फाइल अडली की काम अडकलेलंच. प्रयत्न आणि थांबा, दोन्ही आकडे स्वतः द्या.

## मॅक, थोडक्यात

'सूडो' लावूनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर बिट बघत बसू नका. मोहावी, म्हणजे २०१८ पासून, काही खासगी फोल्डरसाठी प्रोग्रॅमला वेगळी संमती लागते आणि कॅटलिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्सही त्यात आले. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'फुल डिस्क ॲक्सेस' मध्ये टर्मिनल किंवा तो प्रोग्रॅम घाला आणि पुन्हा सुरू करा. एकाच फाइलपुरता प्रश्न असेल तर फाइंडरच्या माहितीच्या खिडकीत 'लॉक्ड' वर खूण आहे का ते बघा.

## दुरुस्ती करताना

७७७ ने एरर गेली तरी आता त्या यंत्रावरचा प्रत्येक यूजर तिथे काहीही टाकू शकतो, आणि एसएसएचसारखे (दूरच्या यंत्रावर लॉगिन करणारे) प्रोग्रॅम इतक्या मोकळ्या परवानगीच्या की-फाइली वापरायलाच नकार देतात. शिवाय सगळ्या साध्या फाइली 'चालवण्यायोग्य' होतात. सगळ्या झाडावर बिट लावायचेच असतील तर 'सीएचमॉड -आर' (आरही मोठा) सोबत मोठा 'एक्स' वापरा. तो शिरण्याची परवानगी फोल्डरना देतो आणि आधीच चालवण्यायोग्य नसलेल्या फाइलींना वगळतो.

दोन-तीन यूजरनी एकाच फोल्डरमध्ये काम करायचं असेल तर एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा आणि २७७५ द्या. पुढचा २ नव्या फाइलींना त्याच ग्रुपचं करतो. मात्र उमास्क (नव्या फाइलींतून कुठले बिट वगळायचे तो आकडा) ०२२ असेल तर नव्या फाइली ६४४ निघतात आणि ग्रुपला लिहिता येत नाही, त्यासाठी ००२ करा किंवा डिफॉल्ट एसीएल लावा.

आणि 'एकदा सूडोने चालवून बघतो' हा मोह टाळा. त्या एका फेरीत रूटच्या मालकीच्या लॉग आणि कॅशच्या फाइली तयार होतात आणि उद्यापासून साध्या यूजरने चालणारा प्रोग्रॅम त्यांच्यावरच अडतो. असं झालंच असेल तर 'फाइंड' ने त्या फोल्डरमधल्या रूटच्या फाइली शोधून 'सीएचओन' ने परत करा.

## प्रोग्रॅम तुमचाच असेल तर

तात्पुरती फाइल अंतिम फाइलच्याच फोल्डरमध्ये बनवा, पूर्ण लिहा, डिस्कवर ढकला आणि मग नाव बदला. १८ नंबर बहुतेक ठिकाणी त्याने संपतो आणि वाचणाऱ्याला अर्धवट फाइल दिसत नाही. पायथनमध्ये त्यासाठी 'ओएस.रिप्लेस' घ्या, कारण नाव आधीच वापरात असेल तर 'ओएस.रीनेम' विंडोजवर एरर देतो.

तात्पुरती फाइल 'एमकेएसटेम्प' ने बनवत असाल तर ती ६०० बिटची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) जन्माला येते आणि रीनेमनंतरही तशीच राहते. प्रोग्रॅमला काहीच एरर येत नाही, एरर येते ती नंतर ती फाइल वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला, आणि शोध तिकडे सुरू होतो. रीनेमच्या आधी जुन्या फाइलचे बिट नव्या फाइलवर लावा. विंडोजवर जुन्या फाइलची एसीएल टिकवायची असेल तर 'रिप्लेसफाइल' हा कॉल त्याचसाठी आहे.

आधी परवानगी तपासून मग काम करण्यापेक्षा सरळ काम करा आणि एरर पकडा. तपासणी आणि काम यांच्या मधल्या क्षणात परिस्थिती बदलू शकते. पुन्हा प्रयत्न फक्त विंडोजवरच्या ३२ साठी आणि जपून ५ साठी करावा: थोडं थांबून, प्रत्येक वेळी थांबा वाढवत, पाच-सहा वेळांवर नाही. लिनक्सवरचा १३ थांबल्याने जात नाही.

लॉगमध्ये दोन्ही पाथ, क्रमांक, क्रिया आणि यूजरचा आकडा लिहा. 'फाइल सेव्ह करता आली नाही' एवढंच लिहिलंत, तर वरची सगळी उठाठेव रात्री दोन वाजता दुसऱ्या कुणाला तरी करावी लागेल.